गिरणेपासून पांझरेपर्यंत

जळगावला बाहेरगावची माणसे येतात ती सोने घ्यायला, नाही तर केळीचा किंवा कापसाचा सौदा करायला. ज्यांना यातले काहीच करायचे नसते, ती हिवाळ्यात निदान वांग्याचे भरीत खायला येतात. भाविकांच्या वाटा इथून फुटतात त्या मुक्ताईनगरकडे, नाही तर एरंडोलजवळच्या पद्मालयाकडे. माझ्यासारख्या कॅथलिक माणसाने मात्र यात्रेसाठी म्हणून खानदेशात यावे, असे येथे काही नाही. आमच्या यात्रा वांद्र्याच्या टेकडीवर, जुन्या गोव्यात, किंवा आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यात हरेगावला. म्हणून गेल्या उपवासकाळात मी जी यात्रा केली तिची हकीगत ऐकून वाचकांना कदाचित हसू येईल. ती जळगाव ते धुळे अशी होती, एस.टी.च्या लाल गाडीने, भर उन्हात, सकाळी जाऊन रात्री परत. तिथे ना मूर्ती होती, ना मेणबत्त्या. यात्रेच्या शेवटी होते ते एक मोटार दुरुस्तीचे गॅरेज.

मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला. हरेगावची मतमाउलीची यात्रा सप्टेंबरात भरते, आणि आमच्या घरात वर्षाची मोजणी दिवाळीपासून न होता त्या यात्रेपासून होत असे. आईचा नवस असायचा. ती घरापासून अनवाणी चालत जायची. आम्ही पोरे मागून टेंपोत. तिच्या पायांना फोड यायचे, आमच्या हातांत फुगे आणि रेवड्या यायच्या. पावित्र्य ही वर्षातून एकदा मिळणारी आणि पायांना फोड आणणारी वस्तू आहे, असा माझा तेव्हाचा समज होता. पुढे मी एम.ए. झालो, मराठी शिकवू लागलो, नोकरीच्या निमित्ताने जळगावला येऊन स्थिरावलो. पण हा समज काही बदलला नाही. बदल झाला तो इतकाच, की यात्रेला जाणे सुटले. रविवारची मिस्सा तेवढी राहिली, आणि तीही पुष्कळदा घड्याळाकडे पाहत.

खानदेशातले आमचे चर्च म्हणजे मूठभर माणसांचा मेळा. दारात उभे राहून पाहिले तर अर्धा भारत दिसतो. केरळातल्या सिस्टर आणि परिचारिका असतात. रेल्वेतले लोक असतात. माझ्यासारखे नगरकडचे मराठी लोक असतात. सातपुड्याच्या बाजूची आदिवासी कुटुंबे असतात. एखादे गोवेकर वृद्ध जोडपे पुढच्या बाकावर ठरलेल्या जागी बसलेले असते. प्रार्थना मराठीत, पण कुणी ती नगरी हेलाने म्हणतो, कुणी मल्याळी उच्चाराने, कुणाच्या ओठांवर अहिराणी वळण. धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे नाशिकच्या धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत 1987 साली पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. त्याच्या कितीतरी आधी, रेल्वे आली तेव्हा तिच्यामागोमाग भुसावळला गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली होती. कुणी ड्रायव्हर, कुणी गार्ड, कुणी लोको शेडमध्ये फिटर. कोळशाच्या धुरात आणि इंजिनाच्या शिट्ट्यांत त्यांनी आपली जपमाळ सांभाळली.

मराठीचा आणि कॅथलिकांचा संबंध याहून फार जुना. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेसुइट 1579 साली गोव्याला आला, आपली भाषा शिकला, आणि 1616 साली रायतूर येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. तेही रोमन लिपीत. एका परदेशी माणसाने ज्ञानोबा-एकनाथांची ओवी हाती धरून दहा हजारांवर ओव्या लिहिल्या, हे मी दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगतो. मुले ते टिपून घेतात. मीही सांगताना स्वतःवर खूष असतो. ही माझी खुषी पुढे मला कुठे घेऊन गेली ते सांगायचे आहे. पण त्याआधी भुसावळला जाऊन यायला हवे.

जळगावहून भुसावळ म्हणजे गाडीने जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डच्या विधवा पत्नी राहत असत. आम्ही सगळे त्यांना आंटी म्हणत असू. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, अंगात सदैव फुलाफुलांचा झगा. त्यांच्या घरात त्यांची नणंद अंथरुणाला खिळून होती; आणि ही नणंद फार कडवट जिभेची. चहा आणला की थंड आहे म्हणायची, गरम करून आणला की जीभ भाजली म्हणायची. शेजारपाजारचे लोक म्हणत, आंटी संत आहेत. आंटींना हा शब्द मुळीच आवडत नसे.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना आतून नणंदेचा आवाज चढला. आंटी उठल्या, आत गेल्या, काही वेळाने परत आल्या. मी म्हणालो, “आंटी, तुम्हाला राग येत नाही?”

“येतो की! रोज येतो.” त्यांनी जपमाळ हातात घेतली आणि ती कुठवर आली होती ते मणी चाचपून शोधू लागल्या. “लग्न झालं तेव्हा मी एकाला दोन ऐकवत होते. मग ठरवलं, आज एक शब्द कमी बोलायचा. उद्याचं उद्या. बावन्न वर्षं झाली. आता कुठे थोडं जमतं. आज नाही बोलले, एवढंच.”

बावन्न वर्षे! एवढ्या अवधीत माणूस डॉक्टरेट मिळवतो, विभागप्रमुख होतो, पेन्शनीत निघतो. या बाईने एक शब्द कमी बोलण्याचा अभ्यास केला, आणि वर ‘थोडं जमतं’ अशी कबुली दिली. मी त्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो तेव्हा आईच्या पायांचे फोड मला आठवले. वर्षातून एकदा येणारे फोड सोसायला सोपे, असेही वाटले.

आंटींनी आपल्या परीने जे साधले ते आमच्या धर्मात नवे नाही. फ्रान्सिस डी सेल्स या बिशपाने 1609 साली भक्तीवर एक पुस्तक प्रसिद्ध केले ते मठातल्या जोगिणींसाठी नव्हते. संसारी, नोकरदार, व्यापारी माणसांसाठी होते. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येकाची भक्ती त्याच्या व्यवसायाला शोभेल अशी असावी. कारागिराने दिवसभर देवळात बसावे हे जितके विपरीत, तितकेच बिशपाने मठवासी साधूसारखे एकांतात राहावे हेही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 21 नोव्हेंबर 1964 रोजी चर्चविषयी जो मोठा दस्तऐवज जाहीर केला, त्याचे पाचवे प्रकरण तर सगळे याच विषयाला वाहिले आहे: पावित्र्याचे बोलावणे सर्वांना आहे, पाद्री-सिस्टरांना तेवढे नाही. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी शेजारच्या घरातल्या संतांविषयी लिहिले. लेकरे वाढवणारे, घर चालवण्यासाठी राबणारे, आजारी असून हसणारे. 2022 साली दक्षिणेतल्या देवसहायम पिल्लई यांना संतपद जाहीर झाले तेव्हा भारतातला एक संसारी माणूस प्रथमच त्या मालिकेत जाऊन बसला.

मराठी माणसाला यात काय नवल वाटणार? सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, जनाबाईने जाते सोडले नाही. खानदेशात तर हे सांगायला कुणा परिषदेची गरजच नाही. जळगावाला लागून आसोदे आहे. बहिणाबाई चौधरींचे माहेर. अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर, चुलीपाशी, शेताच्या बांधावर ओव्या रचीत गेली. 1951 साली ती वारली. दुसऱ्याच वर्षी तिची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना आसोद्याला नेतो. झाडाखाली उभे राहून सांगतो, “प्रतिभा पुस्तकात नसते, मुलांनो. ती तुमच्या आईच्या हातात असते. तुमच्या बोलीत असते.” मुले टाळ्या वाजवतात. मग आम्ही वडापाव खाऊन परत येतो.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात धुळ्याकडचा एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, बोलायचा कमी. ‘माझी आई’ या विषयावर मी निबंध लिहायला सांगितला होता. चाळीस वह्यांत चाळीस आया वात्सल्यसिंधू होत्या. या मुलाच्या वहीतली आई कापूस वेचत होती. वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांची टोके तिच्या बोटांत घुसतात. पुढे पुढे बोटांची अग्रे अशी होतात की चुलीवरचा तवा तिला नुसत्या हाताने उचलता येतो, आणि लेकराच्या कपाळाला हात लावून ताप आहे की नाही हे मात्र तिला कळेनासे होते. म्हणून ती गाल लावून ताप पाहते. निबंधात मधूनमधून अहिराणी शब्द होते. बाकीची भाषा साधी, पण एकही शब्द जास्त नाही.

मी तो निबंध वाचला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हे याने कुठून उतरवले?

दुसरा विचार यायला हवा होता. तो आला नाही. मी वर्गात वही वर धरली, गाल लावून ताप पाहण्याची ओळ मोठ्याने वाचली आणि विचारले, “हे कुण्या लेखकाचं आहे ते सांगशील का? आम्हालाही वाचू दे.” वर्ग हसला. वर्गाला हसवण्याचे कसब मला चांगले आहे. मुलगा उभा राहिला. “माझंच आहे, सर,” एवढेच म्हणाला. मी वहीवर शून्य मांडले आणि खाली ‘उचलेगिरी’ असा शेरा लिहिला. दोन आठवड्यांनी तो यायचा बंद झाला.

वर्ष संपल्यावर कपाट आवरताना त्याची ती वही हाती लागली. निबंध वहीच्या पुढच्या भागात होता. मागची पाने मी कधी उलटलीच नव्हती. तिथे तोच निबंध तीनदा लिहिलेला होता. खाडाखोड, बाण, समासात घातलेले शब्द. तव्याचे वाक्य पहिल्या खर्ड्यात नव्हते, दुसऱ्यात ते अर्धे होते, तिसऱ्यात पुरे झाले होते. उतरवून घेणारा माणूस असा घाम गाळीत नाही. दरवर्षी आसोद्याच्या झाडाखाली उभा राहून मी ज्याची ग्वाही देत होतो, ते माझ्या टेबलावर आले होते, आणि मी त्याला चोर ठरवले होते. इंग्लंडातल्या माणसाला मराठीत दहा हजार ओव्या लिहिता येतात यावर माझा विश्वास होता. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलाला दोन पाने लिहिता येतात यावर नव्हता.

मी वही पुन्हा कपाटात ठेवली. आणखी दोन वर्षे ती तिथेच राहिली. मिस्सेला जात होतो, ख्रिस्तशरीर स्वीकारत होतो. ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणताना क्षमेच्या शब्दांपाशी आवाज थोडा खाली जायचा, इतकेच.

गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, पापनिवेदनासाठी एक पाहुणे धर्मगुरू आले होते. वृद्ध, कानांनी थोडे मंद. मी नेहमीची यादी वाचली: राग, आळस, प्रार्थनेत हयगय. शेवटी, जणू टाचण द्यावे तशी, ही गोष्ट सांगितली. त्यांना नीट ऐकू आले नाही. “पुन्हा सांगा,” म्हणाले. पुन्हा सांगताना मला कळले की पहिल्या वेळी मी ती किती झाकून सांगितली होती.

ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “देव क्षमा करतो; ते त्याचं काम आहे. पण तुम्ही त्या मुलाचं नाव घेतलंत ना, ते अजून तुमच्याजवळ आहे. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून चोरीची क्षमा मागायची नसते. तो जिवंत आहे ना?”

“हो, फादर.”

“मग नेऊन द्या.”

कुणाची चोरलेली वस्तू परत केली पाहिजे, तशीच हिरावलेली अब्रूही शक्य तेवढी भरून दिली पाहिजे, ही आमच्या धर्माची शिकवण मला पाठ होती. परीक्षेत विचारली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

त्याचा ठावठिकाणा त्याच्या एका मित्राकडून मिळाला. शनिवारी सकाळी वही पिशवीत घालून मी धुळ्याच्या गाडीत बसलो.

जळगाव सोडले की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो. मार्चअखेरीस गिरणा म्हणजे वाळूचा रुंद पट्टा. मधून पाण्याच्या दोन रेघा, त्यांत धुणी धुणाऱ्या बाया. त्याच भागात रस्त्यालगत विद्यापीठ आहे. 1990 साली ते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झाले. 2018 पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. निरक्षर बाईचे नाव विद्यापीठाला देणारा हा प्रदेश मोठ्या मनाचा खरा. त्या कमानीवरचे नाव मी शेकडो वेळा पाहिले असेल. त्या दिवशी मात्र मी खिडकीतून दुसरीकडे पाहिले.

पाळधी, एरंडोल, पारोळा. कापसाची शेते रिकामी झाली होती. काळ्या जमिनीत पऱ्हाट्या उभ्या होत्या. मधूनच केळीची एखादी बाग हिरवीगार, जणू उन्हाने तिला शिवायचेच नाही असे ठरले आहे. एरंडोलला गाडीत पाटी घेऊन फेरीवाला चढला. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पुढ्यात मूठभर शेंगदाणे धरले, “घ्या, भाऊ.” खानदेशात शेजारच्याला दिल्याशिवाय खायचे नाही असा रिवाज आहे. मी ते घेतले. अपराधी माणसाच्याही तोंडात शेंगदाण्याची चव लागतेच.

धुळ्याला उतरलो तो अकरा वाजता. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते या गावाशी एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रक आणि त्यांची गॅरेजे यांना इथे तोटा नाही. मला जायचे होते ते गॅरेज बसस्थानकापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी रिक्षावाल्याला सांगितले, “राजवाडे संशोधन मंडळ.” इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत मी पूर्वी अनेकदा जाऊन बसलो आहे. पोथ्यांची कपाटे पाहिली, जुन्या कागदांचा तो ओळखीचा वास घेतला. अपराधी माणसाला इतिहासाची गोडी फार लागते. तासभर गेला.

तिथून निघालो तो कारागृहाजवळून. या तुरुंगात 1932 साली विनोबा होते आणि साने गुरुजीही होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबा बंद्यांपुढे गीतेवर बोलले, आणि गुरुजींनी ते उतरवून घेतले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. मराठीच्या इतिहासात एवढे मोलाचे उतरवून घेणे दुसरे क्वचितच असेल! त्या वर्षी ईस्टर 27 मार्चला आला होता. म्हणजे विनोबांचे पहिले प्रवचन झाले त्या रविवारी आमचाही उपवासकाळ चालू होता. भिंतीच्या आत विनोबा सांगत होते की, बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली नाही तर ते कोरडेच राहते. माझे बाहेरचे कर्म ठीक चालले होते. तासिका वेळेवर, अभ्यासक्रम पूर्ण, रविवारची मिस्सा चुकवलेली नाही.

धुळ्यात कनोसा सिस्टरांची शाळा आहे. त्याच संघातली एक सिस्टर, जोसेफिन बखिता. सुदानातल्या दारफूरमध्ये जन्मलेली ही मुलगी लहानपणीच पळवली गेली, गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकली गेली, आणि शेवटी इटलीत मुक्त झाली. 1890 साली तिने स्नानसंस्कार घेतला, पुढे ती सिस्टर झाली. आयुष्यभर तिने काय केले? स्वयंपाक, शिवणकाम, चर्चची झाडलोट आणि दारावरची राखण. शाळेत येणाऱ्या पोरींच्या डोक्यावर ती दारात हात ठेवायची. 1947 साली ती वारली आणि 2000 साली तिला संतपद जाहीर झाले. दार उघडणे हे जिचे काम होते तिला संत म्हटले गेले. मीही दारावरच बसलेला माणूस. गरिबाघरची पोरे मराठीच्या दारातून आत येतात. मी एकाच्या डोक्यावर हात ठेवायचा तो दार लावून घेतले होते.

आता आणखी पाहण्यासारखे काही उरले नव्हते. मी रिक्षावाल्याला गॅरेजचा पत्ता सांगितला.

तो ट्रकखाली होता. फक्त पाय दिसत होते. मी हाक मारली. तो सरपटत बाहेर आला आणि मला पाहून ताडकन उभा राहिला. वर्गात राहायचा तसाच.

“सर, तुम्ही? एवढ्या उन्हात?”

मी ठरवून आलेले सगळे वाक्यरचनेसह विसरलो. पिशवीतून वही काढली आणि म्हणालो, “हे तुझंच आहे. मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. मी चुकलो, आणि चूक कळल्यावरही गप्प बसलो. माफी मागायला आलोय.”

त्याने हात पुसले. ते ग्रीस काही एका पुसण्याने जाणारे नव्हते. म्हणून त्याने वही घेतली नाही, नुसती पाहिली. मग म्हणाला, “सर, कॉलेज त्यामुळे नाही सोडलं. वडिलांचा अपघात झाला. घरात कमावणारं कुणी नव्हतं.”

माझ्या छातीवरचे ओझे हलके व्हायला लागले होते, तेवढ्यात त्याने पुढचे वाक्य उच्चारले.

“लिहिणं मात्र त्यामुळे सोडलं.”

रागाने म्हणाला असता तर बरे झाले असते. तो पान्याचा नंबर सांगावा तसा बोलला.

घर गॅरेजच्या मागेच होते. आत नेल्याशिवाय तो मला जाऊ देईना. वडील खाटेवर होते. आईने विचारले, “मना पोऱ्याना सर शेतस का तुम्ही?” मी मान हलवली. तिने स्टोव्हवर चहा ठेवला. उकळी आली तेव्हा पातेले तिने पदर न लावता, चिमटा न घेता, नुसत्या बोटांनी कडेला धरून उचलले आणि सावकाश कपात ओतले. ज्या ओळीला मी वर्गाला हसवले होते, तिच्या आधीची ओळ माझ्यासमोर चहा गाळत होती. मी मुलाकडे पाहिले. तो माझ्याकडेच पाहत होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

निघताना मी म्हणालो, “मी काय करू, सांग.” तुमच्या मनाला वाटेल ते करा, काही नको, असे काहीतरी तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती, खरे तर आशा होती. त्याने थोडा विचार केला.

“सर, तुम्ही वर्गात बोलला होता. वर्गातच सांगा.”

“तुझ्या वर्गातली मुलं आता पांगली रे.”

“जे असतील त्यांना सांगा.”

“आणि क्षमेचं?”

“बघू, सर,” तो म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता. क्षमा करायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ त्याचा होता, माझा नव्हता. वही मात्र त्याने ठेवून घेतली. आईने ती घेऊन देवळीत, दिव्याच्या वरच्या फळीवर ठेवली.

परतीची गाडी संध्याकाळची होती. पांझरेचे पात्र मावळतीच्या उजेडात तांबूस झाले होते. पारोळ्याच्या पुढे अंधार पडला. आंटी एव्हाना जपमाळ घेऊन बसल्या असतील असे वाटले, आणि मग आठवले की त्यांना जाऊन वर्ष झाले. नणंद त्यांच्याआधी चार महिने गेली होती. शेवटच्या दिवसांत ती फक्त आंटींच्याच हातून पाणी प्यायची.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर पहिल्या तासाला मी अभ्यासक्रम सांगितला नाही. मुलांना आणि बोलावलेल्या दोन सहकाऱ्यांना घडलेली गोष्ट सांगितली. मुलाचे नाव न सांगता नव्हे, सांगून. तशी त्याची परवानगी मी फोनवर घेतली होती. या लेखात ते नाव नाही. कारण छापील पानासाठी मी ती मागितली नाही, आणि पुन्हा त्याच्या वतीने मीच ठरवून टाकावे, हे बरे दिसले नाही. निबंधाची प्रत त्याने पाठवली होती. मी ती वाचून दाखवली. या वेळी वर्ग हसला नाही. एक मुलगी तास संपल्यावर येऊन म्हणाली, “सर, अहिराणीत लिहिलेलं चालेल का?” मी म्हणालो, “चालेल.” इतका सोपा शब्द उच्चारायला मला वीस वर्षांची नोकरी लागली.

आता रात्री वह्या तपासायला बसतो तेव्हा लाल पेन उचलण्याआधी क्रुसाची खूण करतो. बायको हसते, म्हणते, “परीक्षा तुमची आहे की मुलांची?” आणि वहीची मागची पाने आधी उलटून पाहतो. दर वेळी जमते असे नाही. दहा-बारा वह्या झाल्या की डोळे जड होतात, मन कडू होते, आणि एखादा चुरचुरीत शेरा बोटांशी येऊन उभा राहतो. परवा असाच एक आला. फार चांगला होता. वर्ग पोट धरून हसला असता. मी तो लिहिला नाही.

आज नाही लिहिला, एवढेच.